भारीतलं द्या, डॉक्टर!

ज्यांच्या घरात यकृताचा आजार आहे आणि आपल्या माणसाला पुढच्या खेपेस रुग्णालयात नेल्यावर एकही अँटिबायोटिक, म्हणजे जिवाणू मारणारे औषध, लागू पडू नये अशी ज्यांची मनापासून इच्छा आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. माझे दाजी सध्या सिरॉसिस (म्हणजे यकृत कडक होऊन निकामी होत जाणे), पोटात पाणी आणि न उतरणारा ताप घेऊन सोलापुरातल्या एका रुग्णालयात आहेत. त्यांच्या खाटेभोवती जमलेल्या गोतावळ्याने हे शास्त्र इतक्या सफाईने करून दाखवले की ते लिहून न ठेवणे हा समाजावर अन्याय ठरेल.

पूर्वतयारी घरापासून करावी. सर्दी विषाणूंमुळे होते आणि विषाणूंवर अँटिबायोटिकचा काडीचाही परिणाम होत नाही, ही क्षुल्लक माहिती बाजूला सारून नाक गळू लागताच कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जावे आणि सेफिक्झिम या अँटिबायोटिकची पट्टी मागावी. देशात 1 मार्च 2014 पासून एच-1 नावाची औषधांची यादी लागू आहे. तिच्यातले औषध देताना दुकानदाराने डॉक्टरचे नाव, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याची संख्या वेगळ्या वहीत लिहावी आणि ती वही तीन वर्षे जपून ठेवावी, असा नियम आहे, आणि सेफिक्झिम त्या यादीत आहे. त्या वहीचे दर्शन घडलेला सोलापूरकर मला अजून भेटायचा आहे, तेव्हा निर्धास्त असावे. गोळी नाकासाठी घेतली तरी ती आतड्यातल्या जिवाणूंनाही गाठते. त्यांतले कच्चे मरतात, पक्के उरतात आणि उरलेले आपली विद्या शेजारच्या जिवाणूंनाही शिकवतात. सिरॉसिसच्या रुग्णात आतड्याचा बांध सैल झालेला असतो आणि तिकडून येणारे जंतू गाळून काढणारे यकृतच कामातून गेलेले असते, त्यामुळे हीच पक्की मंडळी पुढे पोटातल्या पाण्यात उतरतात. तेथे संसर्ग झाला की डॉक्टर वर्षानुवर्षे सेफोटॅक्झिम किंवा सेफ्ट्रिॲक्सोन देत आले आहेत. ही दोन्ही औषधे सेफिक्झिमच्याच कुळातली असल्याने जंतूंची त्यांच्याशी ओळख घरीच करून दिलेली बरी.

उरलेल्या गोळ्या फेकू नयेत. शेजारी कोणाला तरी ताप येतोच.

रुग्ण दाखल झाला की भेटायला जाताना एकट्याने जाऊ नये. अक्कलकोटहून, मंगळवेढ्याहून, सीमेपलीकडच्या इंडीहून जीप भरून यावे, खाटेवर बसावे आणि प्रत्येकाने रुग्णाचा हात हातात घ्यावा. खाटेच्या पायथ्याशी हात चोळण्याच्या द्रवाची बाटली टांगलेली असते, तिला स्पर्श करू नये. ज्या गावात नळाला चार-चार दिवस पाणी येत नाही तेथे हात धुण्याचा उपदेश कसला करता, असे कोणी विचारील. परंतु त्या बाटलीला पाणी लागत नाही आणि म्हणूनच ती तेथे असते, हे लक्षात येऊ न देण्याची दक्षता घ्यावी. बसायला जागा अपुरी पडल्यास खाटेच्या कडेला लटकणारी लघवीची पिशवी उचलून रुग्णाच्या पोटावर ठेवावी. आमच्या एका पाव्हण्यांनी हे माझ्यादेखत केले. पिशवी मूत्राशयाच्या वर गेली की नळीतली लघवी उलटी आत जाते आणि तिच्यासोबत वॉर्डातले जंतूही जातात. परिचारिका ओरडली, तेव्हा त्यांनी तिलाच नीट बोलायला शिकवले.

आता मुख्य कौशल्य. पोटात पाणी असलेल्या रुग्णाला ताप आला की डॉक्टर त्यातले थोडे पाणी सुईने काढून तपासायला मागतात. त्यावर ‘पाणी काढलं की माणूस उठत नाही’ असे ठामपणे सांगावे आणि सही देऊ नये. हे पाणी अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी काढायचे असते, खाटेपाशीच कल्चरच्या, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या, बाटलीत घालायचे असते आणि एका घन मिलिमीटरमध्ये 250 हून अधिक न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, दिसल्या की कल्चरची वाट न पाहता उपचार सुरू करायचे असतात. हे सारे आम्हाला ऐकवले गेले. आमच्याकडे मात्र पुण्याच्या भाच्याला फोन लावण्यात रात्र गेली, कारण त्याच्या मित्राचा भाऊ डॉक्टर आहे. सकाळी सही न देताच एका वडीलधाऱ्यांनी फर्मावले, ‘डॉक्टर, ते तपासणीचं राहू द्या, साधं नको, भारीतलं द्या, पैशाचं बघतो की आम्ही.’ चादर घेताना ती हातात तोलून भारीतली मागावी, तशी ही मागणी होती. अहो, अँटिबायोटिकमध्ये साधे आणि भारी असे काही नसते. जंतूला लागू पडणारे आणि न पडणारे, एवढेच असते, आणि ते कोणते हे त्या पाण्याच्या तपासणीतूनच कळण्याची शक्यता असते! तुम्ही ज्याला भारी म्हणता ते मेरोपेनेम ज्या जंतूवर चालत नाही, त्याच्यासाठी अनेकदा उरते ते कोलिस्टिन, आणि कोलिस्टिन मूत्रपिंडाला इजा करते. सिरॉसिसच्या रुग्णाची मूत्रपिंडे आधीच शेवटच्या पायरीवर उभी असतात, हे तुमच्या पैशाला कळत नाही. सही अखेर झाली, पण पहिला डोस गेल्यानंतर, म्हणजे कल्चरमध्ये जंतू उगवण्याची शक्यता घटल्यावर. त्यातूनही नशिबाने क्लेब्सिएला नावाचा जिवाणू उगवला, आणि अहवालात एकाखाली एक औषधांची नावे व प्रत्येकापुढे ‘आर’ हे अक्षर होते, म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देत नाही. तो कागद पाहून त्याच वडीलधाऱ्यांनी विचारले, ‘मग एवढे दिवस काय उपचार केले?’

डॉक्टरांसाठीही एक सूचना आहे: कल्चर न पाठवता ‘कव्हर’ म्हणून, म्हणजे असेल त्या जंतूवर अंदाजाने, मेरोपेनेम सुरू करावे, आणि अहवालात साधे औषध चालते असे आले तरी ते बदलू नये.

या साऱ्या परिश्रमांचे चीज झाले आहे. सिरॉसिस आणि संसर्ग अशा दोन्ही गोष्टी असलेल्या तेराशेहून अधिक रुग्णांची अनेक देशांतल्या रुग्णालयांमधली पाहणी 2019 मध्ये प्रसिद्ध झाली. अनेक औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंचे प्रमाण एकूण 34 टक्के होते, आणि भारतातले प्रमाण त्याहून कितीतरी वर, सर्वांत पुढच्या रांगेत होते. सत्कार सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत ठेवावा.

पण आता मला हे हसू आवरते घ्यावे लागत आहे, कारण दाजींचे क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडे थकल्याचे रक्तातले माप, रोज वर चालले आहे. सिरॉसिसच्या माणसाला संसर्ग झाला की त्याच्या मृत्यूचा धोका साधारण चौपट होतो, आणि लागू न पडणाऱ्या औषधावर गेलेला प्रत्येक दिवस त्यात भर घालतो. यातला बराचसा धोका दारूने आणलेला नाही, देवानेही आणलेला नाही. तो तुम्ही हाताने आणून खाटेवर ठेवता. त्यांना कावीळ ब होती, दारूचा थेंबही त्यांनी कधी घेतला नाही, आणि तरी वॉर्डात येणारा प्रत्येक जण ‘प्यायचे का हो?’ असे विचारून न धुतलेला हात त्यांच्या कपाळावर ठेवतो. लाज वाटली पाहिजे. दुकानदारांनो, तुमच्या भिंतीवर चौकट करून लावलेला परवाना औषधे विकायचा आहे, चुरमुरे विकायचा नाही. चिठ्ठी नसेल तर गिऱ्हाईक परत पाठवा, ते दुसऱ्या दुकानात गेले तरी जाऊ द्या. पाव्हण्यांनो, एकेकटे या, आधी हात चोळा, खुर्चीवर बसा आणि नळ्या-पिशव्यांना हात लावू नका. आणि डॉक्टरांनी पोटातले पाणी तपासण्यासाठी सही मागितली, तर ती त्याच क्षणी करा. पुण्याला फोन नंतर लावा.