प्रिंटके (लिनक्स कर्नलमधून लॉगमध्ये ओळ छापणारं फंक्शन) टाकला की बग गायब!

केव्हीएमच्या (कर्नलच्या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या भागाच्या) मेमरीच्या कोडला हात लावला की हे ठरलेलंच. पॅच इवलासा, अकरा ओळींचा. गेस्टचं, म्हणजे व्हर्च्युअल मशीनचं, मेमरीचं एकेक पान काढलं की लगेच टीएलबी (प्रोसेसरने लक्षात ठेवलेले पत्ते) फ्लश, म्हणजे साफ, करण्यापेक्षा पाच-सहा पानं साठवून एकदाच करू, एवढंच. आकडे झकास आले. रात्रभर टेस्ट लावली आणि पहाटे गेस्ट आडवा. कुठे? कधीच एका जागी नाही!

बघावं म्हणून एक प्रिंटके टाकला, तर स्वारी सहा तास गुण्यागोविंदाने चालतेय. काढला, की वीस मिनिटांत ढेर. म्हणजे रेस, कोण आधी पोचतो याची शर्यत, आहे, हे शेंबडं पोरही सांगेल, पण कुणाकुणाची? होस्टने, म्हणजे खऱ्या मशीनने, ४ केबीचं पान काढून दुसऱ्याला दिलंसुद्धा, आणि गेस्टच्या एका व्हीसीपीयूच्या (आभासी प्रोसेसरच्या) टीएलबीत अजून जुनाच पत्ता. तो बिचारा इमानेइतबारे भलत्याच्याच मेमरीत लिहितोय. बोंब मात्र तिसराच मारतो, तीही पाच मिनिटांनी.

फ्लश टाळायचा मोह तरी का? टीएलबीत पत्ता नाही सापडला की गेस्टची चार पातळ्यांची पत्त्यांची टेबलं, त्यावर होस्टची चार, मिळून २४ वेळा मेमरीत डोकवावं लागू शकतं. म्हणे, २ एमबीची मोठी पानं वापर. वापरतोच की! लाइव्ह मायग्रेशन (चालू गेस्ट दुसऱ्या होस्टवर हलवणं) सुरू झालं की डर्टी लॉगिंगपायी, म्हणजे कुठल्या पानावर लिहिलं त्याच्या नोंदीपायी, त्यांचेही ५१२ तुकडे.

काल लॉकडेप (कर्नलमधली लॉक तपासणारी सोय) चालू केला. बग परत गायब. गिट बायसेक्टने (कुठल्या बदलाने बिघडलं ते शोधणाऱ्या आज्ञेने) शेवटी माझ्याच कमिटकडे बोट दाखवलं. ते मला माहीत होतं रे, बाबा!