झोपा करण्याची घाई नको

कार्यालयातील संगणकाच्या कोपऱ्यात 'अपडेट तयार आहे, रीस्टार्ट करा' अशी सूचना झळकली, की काही उतावळे सहकारी हातातले काम जतन करून लगेच तिच्यापुढे मान तुकवतात. आपण तसे करू नये. ही यंत्राने माणसाला केलेली विनंती आहे, आणि पहिल्याच विनंतीला मंजुरी देणे आपल्या कार्यालयीन परंपरेत बसत नाही. अर्ज थोडा फिरला पाहिजे.

पुढे ढकलण्यासाठी कारण मात्र सन्मान्य असावे. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षा दुरुस्त्या प्रसिद्ध करते. भारतात तेव्हा रात्र असते, त्यामुळे बुधवारी सकाळी आपल्याला कारण तयार ठेवावे लागते. मार्चमध्ये वर्षअखेर असते, एप्रिलमध्ये ऑडिट, मे महिन्यात अर्धे कार्यालय गावी जाते, पुढे गणपती आणि दिवाळी आहेतच, आणि फेब्रुवारी तर मुळातच 28 दिवसांचा असल्याने त्यात वाया घालवायला वेळ नसतो. आयटी विभागातून फारच तगादा लागला तर अपडेट उतरवून घ्यावे, पण रीस्टार्ट करू नये. चालू असलेल्या प्रणालीच्या काही फाइली ती बंद झाल्याशिवाय बदलता येत नाहीत, त्यामुळे औषध आणून कपाटात ठेवल्याचे समाधान मिळते आणि ते घेण्याचा त्रासही वाचतो. संध्याकाळी लॅपटॉपचे फक्त झाकण लावून निघावे.

या पद्धतीला मोठी परंपरा आहे. 14 मार्च 2017 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील फाइल वाटून घेण्याच्या यंत्रणेतील एक गंभीर भोक बुजवणारी दुरुस्ती दिली. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील संस्थांना त्याबद्दल मार्च आणि एप्रिलमध्ये इशारेही पाठवले गेले. तरीही अनेकांनी संयम सोडला नाही. बरोबर 59 दिवसांनी, 12 मे रोजी, 'वॉनाक्राय' हे फाइलींना कुलूप घालणारे खंडणीखोर सॉफ्टवेअर त्याच भोकातून आत शिरले, 150 देशांत पसरले आणि एकेका संगणकामागे 300 डॉलरची खंडणी मागू लागले. इंग्लंडमधील या सेवेच्या 236 न्यासांपैकी किमान 80 न्यासांचे कामकाज विस्कळीत झाले आणि रुग्णांच्या 19 हजारांहून अधिक भेटी रद्द झाल्याचा अंदाज नंतर मांडला गेला. खंडणी मागणाऱ्यांनी मात्र आपल्यासारखी सवलत ठेवली नव्हती. तीन दिवसांनी रक्कम दुप्पट होणार होती आणि सात दिवसांनी फाइली कायमच्या जाणार होत्या.

येथे एखादा शंकेखोर म्हणेल, की दुरुस्ती प्रसिद्ध झाल्यावर धोका उलट वाढतो. त्याचे म्हणणे खरे आहे. जुनी फाइल आणि दुरुस्त केलेली फाइल शेजारी ठेवून पाहिली, की नेमके काय बदलले ते कळते, आणि जे बदलले तिथेच भोक होते हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. म्हणजे दुरुस्तीचा दिवस हा कोणाच्या वाड्याची कोणती भिंत कच्ची आहे याची दवंडी पिटण्याचाही दिवस असतो. पण दवंडी ऐकून लगबगीने भिंत लिंपायला घेतली, तर शेजाऱ्यांना आपण घाबरट वाटू.

शेजाऱ्यांचा विषय निघालाच आहे, तर जून 2017 मधील 'नॉटपेट्या' हे दुसरे घातक सॉफ्टवेअर विसरू नये. ते त्याच भोकाचा उपयोग करत असे आणि शिवाय एका यंत्रातून पासवर्ड उचलून जाळ्यातील दुरुस्त केलेल्या यंत्रांतही शिरत असे. एका यंत्राचा आळस संपूर्ण मजल्याला वाटून घेता यावा, असा हा शेजारधर्म. मर्स्क या जहाज कंपनीला त्यानंतर दहा दिवसांत 4,000 सर्व्हर आणि 45,000 संगणक नव्याने उभे करावे लागले. हा प्रकार परदेशापुरता राहिला नाही, ही आपल्यासाठी अभिमानाची बाब. नवी मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरात त्याच समूहाकडे असलेल्या टर्मिनलचे कामकाजही ठप्प झाले होते.

कोणी फारच वाद घातला तर 19 जुलै 2024 चे उदाहरण फेकावे. त्या दिवशी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे सुमारे 85 लाख विंडोज यंत्रे निळा पडदा दाखवून बंद पडली आणि विमानतळांवर रांगा लागल्या. त्या फाइली कोणाच्या परवानगीची वाट न पाहता आपोआप उतरल्या होत्या, त्यामुळे आपल्या बटणाशी त्यांचा संबंध नव्हता, हा बारकावा सांगण्याची गरज नाही. जाणते लोक दुरुस्ती आधी थोड्या यंत्रांवर तपासतात आणि दोन-चार दिवसांत सर्वत्र लावतात. आपल्या नऊ महिन्यांच्या टाळाटाळीलाही 'चाचणी' म्हणायला हरकत नसावी.

आणि खरा लाभ तर पुढेच आहे. आधी केलेला झोपा कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. बैल गेल्यावर केलेल्या झोप्याचे मात्र उद्घाटन होते. वेळेवर अपडेट करणाऱ्याच्या वार्षिक अहवालात त्याबद्दल एक ओळही येत नाही. संगणक बंद पडले, की तातडीची बैठक लागते, समिती नेमली जाते, चहासोबत बटाटेवडे येतात आणि चुकीची कारणमीमांसा करण्यासाठी सादरीकरण तयार होते. त्या बैठकीत प्रोजेक्टरला जोडलेल्या लॅपटॉपवर, साहेबांच्या पहिल्याच स्लाइडच्या वर, 'अपडेट तयार आहे' ही सूचना आली तर गडबडून जाऊ नये. बैठक महत्त्वाची आहे, तेव्हा अदबीने पुढे होऊन 'नंतर' दाबावे आणि साहेबांना पुढची स्लाइड घेण्याची विनंती करावी.