इभ्रत राखून पंखवाल्याच्या प्रेमात कसं पडावं

ड्रॅगन, परीलोक, शापित राजपुत्र आणि मधोमध कडकडीत प्रेमप्रकरण असलेली ती जाडजूड इंग्रजी कादंबरी शेवटी तुम्हीही हातात घेतलीच आहे, तर आपण तसले वाचक नाही हे सिद्ध करत ती वाचायला शिका.

पहिल्या भागापासून सुरुवात करू नका. ज्या भागासाठी रीलमध्ये पोरी रडताना दिसतात, तोच उचला; तो बहुधा दुसरा असतो. पहिला भाग जग उभं करतो, दुसरा ते उलटं करतो. सारा जे. मास यांच्या ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’ या असल्याच मालिकेचा पहिला भाग २०१५चा, २०१८मध्ये मधेच एक छोटं पुस्तक, आणि २०२१च्या भागात नायिका बाजूला सरून तिच्या बहिणीची गोष्ट सुरू होते. क्रम सोडला की कोण कुणाचं कोण लागतं हेच कळत नाही, आणि ‘या बायांना कथानक जमत नाही’ हा निकाल विसाव्या पानावरच देता येतो. वेळ वाचतो.

प्रत फुटपाथवरची घ्या. नकाशा दोन पानांवर पसरलेला असतो. नकली प्रतीत त्याचा मधला भाग बांधणीत गडप होतो, आणि राजधानी नेमकी तिथंच असते. मे महिन्यात परभणीचा पारा ४३च्या घरात गेला की पाठीचा हलका गोंद मऊ पडतो. एसटीच्या खिडकीशी बसून वाचा, म्हणजे नायकाचं निम्मं पूर्वायुष्य जिंतूर यायच्या आत रस्त्यावर उडालेलं असेल.

सुरुवातीची पानं, म्हणजे नकाशा, नावांचे उच्चार आणि आशयाची सूचना, सरळ उलटा. त्या सूचनेत हिंसा, छळ, उघड शृंगार असं सगळं स्पष्ट लिहिलेलं असतं, पण मुखपृष्ठावर ड्रॅगन आहे ना? म्हणजे लेकरांचं पुस्तक. आठवीतल्या भाचीला वाढदिवसाला देऊन टाका. ताईचा फोन येईलच.

नायक ओळखायला सोपा. पहिल्याच भेटीत उर्मटपणे बोलतो, केस काळे, अंगावर गोंदण, पाठीला पंख, सावल्या हुकमात. त्याच्याकडे दुर्लक्ष करून सोनेरी केसांच्या, दार उघडून धरणाऱ्या गुणी मुलावर मनापासून जीव लावा. तो तुम्हाला पुढं व्यवस्थित तोंडघशी पाडेल. वयाचा हिशेब मात्र जरूर काढा. नायिका एकोणीस-वीसची, नायक परीजातीचा, म्हणून पाचशेच्या पुढचा. आपल्याकडे मुलगा आठ वर्षांनी मोठा निघाला तरी बैठकीत मामा घसा खाकरतात. इथं मामाच नसतात. नायिकेचे आईबाप बहुतेक वेळा आधीच वारलेले नाहीतर कर्जात बुडालेले, कारण ते धडधाकट असते तर तिसऱ्या प्रकरणात ‘घरी चल आधी’ म्हणून कादंबरी संपली असती. पत्रिकेची अडचण नाही. गाठ नियतीनंच बांधलेली असते. ती नायकाला पहिल्यापासून ठाऊक असते, नायिकेला चारशे पानांनी कळते. जमीन किती, हे विचारू नका. अख्खा प्रांत असतो, सगळा बागायती.

परीजातीला लोखंड सोसत नाही, हा तिकडच्या लोककथांतला जुना नियम. बाळंतिणीच्या उशाशी विळा ठेवणाऱ्या आजीला तो समजावून सांगावा लागत नाही, पण तुम्ही ‘काहीही दाखवतात’ म्हणा.

मग तो प्रसंग येतो. बाहेर बर्फ, सराईमध्ये एकच खोली, खोलीत एकच पलंग. येणार हे लेखिकेला माहीत, वाचकाला माहीत. सगळी गंमत तो किती लांबवला यात. दुष्मनीतून प्रेमाकडे जाणाऱ्या गोष्टींत निम्मं पुस्तक ताण वाढवण्यातच जातं. ताण घालवायचा असेल तर इथं वास्तववादी आक्षेप घ्या: उन्हाळ्यात आपल्या गच्चीवर एका सतरंजीवर सहा जण झोपतात, कुणाचं काही जुळत नाही, पाय लागला म्हणून भांडणं तेवढी होतात.

लातूरच्या अभ्यासिकेत ‘नीट’च्या तयारीला बसला असाल, तर प्रश्न लपवण्याचा आहे. एनसीईआरटीचं जीवशास्त्र आकारानं मोठं. कादंबरी त्यात लांबी-रुंदीला आरामात मावते. घात जाडी करते. सहाशे पानं आत ठेवली की वरचं पुस्तक मधून तंबूसारखं उभं राहतं. शिवाय पान उलटण्याचा वेग. वनस्पतींच्या वर्गीकरणावर मिनिटाला एक पान कुणीच उलटत नाही, आणि वाचताना लाजत तर मुळीच नाही.

फोनवर वाचत असाल तर अक्षरं मोठी आणि उजेड पूर्ण ठेवा, म्हणजे मागून चहा घेऊन आलेल्या काकूंना चष्मा शोधावा लागणार नाही.

‘‘काय वाचायलीस गं?’’

‘‘इंग्रजी सुधरायलेय, काकू.’’

काकू दोन ओळी वाचतील, थबकतील, तिसरीही वाचतील, मग शेजारी टेकून म्हणतील, ‘‘मागचं पान दाखव.’’ यावर अजून उपाय सापडलेला नाही.

चारचौघांत विषय निघालाच तर ‘परदेशी खूळ’ म्हणा; फक्त पैठणकडे पाठ करून म्हणा. परंपरा सांगते की तिथल्या सातवाहन राजाच्या पदरी असलेल्या गुणाढ्यानं ‘पैशाची’ नावाच्या प्राकृत भाषेत सात लाख श्लोकांची ‘बृहत्कथा’ रचली. राजानं नाक मुरडलं. गुणाढ्य रानात बसून एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत आगीत टाकू लागला. सहा लाख जळाले, लाखभर उरले. उरली ती नरवाहनदत्ताची गोष्ट: राजपुत्र, आकाशात उडणारे विद्याधर, एकामागून एक प्रेमं आणि शेवटी विद्याधरांचं राज्य. मूळ ग्रंथ हरवला. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं ‘कथासरित्सागर’ रचला म्हणून गोष्ट आपल्यापर्यंत आली. हे सगळं पंखवाल्या नायकावर हसणाऱ्या पाहुण्यांना सांगू नका, चहा थंड होतो.

राहिलं परीक्षण. पुस्तक पहाटे तीनला संपतं, कारण शेवटच्या पन्नास पानांत युद्ध, गद्दारी आणि एक मरण कोंबलेलं असतं, आणि तो मेला की वाचला हे न सांगताच लेखिका थांबते. त्या अवस्थेत लिहू नका, खरं लिहिलं जातं. दुपारी जेवून, ताक पिऊन लिहा: दोन तारे, ‘भाषा सुमार, पात्रं उथळ’. सहाशे पानं दोन रात्रींत कशी संपली असं कुणी विचारलं तर ‘लाइट नव्हती’ म्हणा. मराठवाड्यात यावर कुणी शंका घेत नाही. पुढचा भाग मागवताना पत्ता ऑफिसचा द्या आणि पैसे आधीच भरा. तुम्ही घरी नसताना पार्सलचे पैसे जो देतो, तो ते फोडूनही बघतो, आणि मग ‘एवढे पैसे कशाचे?’ याचं उत्तर मुखपृष्ठावरचा उघड्या छातीचा राजपुत्र देतो.