वाढत्या अंगाचा ट्रॅक्टर

लहानपणी आमच्याकडे कुठलीच गोष्ट मापाची आणली नाही. शर्ट घेतला तर वाढत्या अंगाचा, बूट घेतले तर पुढे कापूस कोंबून घालायचे, आणि पाय बुटाच्या मापाला येईपर्यंत बुटाचा तळ गेलेला असायचा. त्यामुळे आजही माप हा शब्द ऐकला की माझ्या तोंडातून आपोआप "थोडं मोठंच द्या" निघतं. शर्टाचं ठीक आहे हो, बाह्या दुमडता येतात. ट्रॅक्टरच्या बाह्या दुमडता येत नाहीत.

तर झालं असं की घराभोवती साधारण तीन एकर जागा. त्यातला अर्धा एकर लॉन (म्हणजे मी त्याला लॉन म्हणतो, बायको गवत म्हणते), मागे उतारावर कमरेएवढं वाढणारं रान आणि काटेरी झुडपं, मध्ये इकडेतिकडे मिळून चाळीसेक झाडं, आणि गेटपासून घरापर्यंत मुरमाचा रस्ता जो दर पावसात अर्धा वाहून खालच्या चरीत जाऊन बसतो. एवढ्या सगळ्याला माझ्याकडे एक ढकलायचं एकवीस इंची मशीन. एकदा बसून हिशोब केला, एकवीस इंचाच्या पट्ट्याने एक एकर कापायचा तर साडेसात किलोमीटर चालावं लागतं, तेही पट्टे एकमेकांवर अजिबात न चढवता. म्हणजे मी दर पंधरा दिवसांनी घरच्या घरी पदयात्रा काढत होतो आणि शेवटच्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या टोकाचं गवत परत उगवून माझ्याकडे बघत असायचं.

मग ठरलं, छोटा ट्रॅक्टर घ्यायचा. आणि मी ही चूक केली की हे चार लोकांना सांगितलं.

शेजारचे काका म्हणाले, "किती एचपी?" मेहुणा फोनवर म्हणाला, "दाजी, किती एचपी?" ऑफिसातला एक मित्र, ज्याने आयुष्यात गॅलरीतल्या कुंडीपलीकडे माती बघितली नाही, तो पण म्हणाला, किती एचपीचा बघतोयस? करणार काय आहेस हे एकानेही विचारलं नाही. काकांकडे स्वतःचा पंचावन्न एचपीचा आहे, त्यांचं मत असं की पन्नासच्या खाली असतो तो ट्रॅक्टरच नाही, खेळणं असतं. "अरे कमी पडला तर परत घेणारेस का दुसरा?" हे वाक्य थेट माझ्या कापूस कोंबलेल्या बुटात जाऊन लागलं. मी लगेच पन्नासच्या पुढचे बघायला लागलो.

बायकोने फक्त एवढंच विचारलं की एवढे घोडे आणणारच आहात तर कापायचं कशाला, सोडून द्या ना चरायला.

आता हे घोडे प्रकरण समजून घ्यायला मला एक अख्खा आठवडा गेला. हॉर्सपॉवरचं माप जेम्स वॅटने ठरवलं, एक घोडा म्हणजे साधारण 746 वॅट. इथपर्यंत ठीक. पण बोनेटवर जो आकडा मोठ्या अक्षरात लिहिलेला असतो तो इंजिनाचा, आणि आपलं मशीन चालतं मागच्या पीटीओ शाफ्टवर (म्हणजे इंजिनाची ताकद मागे जोडलेल्या मशीनला देणारा फिरता दांडा), तिथे पोचेपर्यंत काही घोडे गिअरबॉक्समध्ये, काही हायड्रॉलिक पंपात, काही पंख्यात असे वाटेतच चरायला थांबतात. बोनेटवर पंचवीस असेल तर पीटीओवर एकोणीस-वीस मिळाले तरी खूप. आणि झुडपं तोडायच्या स्लॅशरला ढोबळ हिशोब असा की रुंदीच्या दर फुटाला पीटीओचे पाच घोडे पाहिजेत. म्हणजे पाच फुटी स्लॅशरला पीटीओवर पंचवीस, बोनेटवर नव्हे. (लॉनच्या फिनिश मॉवरला याहून कमी चालतात, कारण तो नुसतं गवत कापतो, रान नाही.) हे मी काकांना समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणूनच सांगतोय, पंचावन्न घे."

काका मनाने मोठे. म्हणाले माझाच नेऊन बघ. आदल्या रात्री पाऊस झालेला, सकाळी मी दोन टनांच्या वरचं ते धूड शेताच्या वाटेने फिरवून मागच्या बाजूने आत घेतलं आणि लॉनवर एक चक्कर मारली. खरं सांगतो, वर बसल्यावर फार भारी वाटतं, आपण राजे आहोत असं वाटतं. मग मागे वळून बघितलं. शेतीच्या टायरांना जी उंच उंच नक्षी असते ती नांगरलेल्या रानात पकड घ्यायला केलेली असते, ओल्या लॉनवर तिने दोन सरळ सऱ्या पाडल्या होत्या, आणि जिथे वळलो तिथे पुढच्या चाकांनी गवताची सालं काढली होती. ऊस लावता आला असता. पहिल्याच झाडाखालून जाताना मागचा रोल बार (ट्रॅक्टर उलटला तर आपण चिरडू नये म्हणून सीटमागे असते ती लोखंडी कमान) फांदीत अडकला, फांदी ताणली, मी घाबरून क्लच दाबला आणि फांदीने सुटताना माझी टोपी शेजारच्या हद्दीत टाकली. बायको व्हरांड्यातून बघत होती. ती काहीच बोलली नाही, आणि ती काही बोलत नाही तेव्हा जास्त लागतं.

मग मी एकदम दुसऱ्या टोकाला गेलो. जो दुकानदार डेमो द्यायला तयार झाला त्याच्याकडचा सगळ्यात छोटा आणायला लावला. सहाशे-सातशे किलोचा, पोटाखाली मॉवर लावलेला, दिसायला इतका गोड की मुलांनी त्याला नाव ठेवलं. पोटाखालचा मॉवर ही लॉनसाठी खरंच सुंदर चीज आहे, झाडाभोवती फिरवताना कापणारं पातं आपल्याला पायापाशी दिसतं, मागे मान वळवून वळवून मानेचं दुखणं होत नाही. अर्धा एकर लॉन त्याने न्हाव्यासारखं कापलं. मी प्रेमात पडलो. मग त्याच प्रेमाच्या भरात मागच्या रानात नेला आणि वीस पावलांवर तो मॉवर एका उंचवट्यावर टेकून बसला, चारही चाकं फिरतायत आणि ट्रॅक्टर अंडी उबवतोय.

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण त्याला पुढे लोडरही होता, म्हणजे माती उचलायची बकेट, मी म्हणलं वाहून गेलेला मुरूम उचलून बघू. ओला मुरूम दिसतो त्यापेक्षा फार जड असतो. बकेट भरली, लिव्हर ओढली, बकेट जागची हलली नाही, त्याऐवजी माझी पाठ हळूहळू वर जायला लागली. मागची दोन्ही चाकं जमिनीपासून वीतभर वर! बहुतेक ट्रॅक्टरांचे ब्रेक मागच्या चाकांना असतात हे मला त्याच क्षणी आठवलं, म्हणजे मी हवेत ब्रेक दाबत बसलो होतो. दुकानदाराचा माणूस धावत आला, "साहेब, मागे वजन लावल्याशिवाय लोडर भरायचा नसतो, आणि बकेट खालीच ठेवायची." हे तो आधी सांगू शकला असता असं मला वाटलं पण मी बोलायच्या मनःस्थितीत नव्हतो, जमिनीवर यायचं होतं. मागच्या टायरांत पाणी भरूनही वजन वाढवतात हे त्यानेच सांगितलं. घरी येऊन बायकोला सांगितलं की ट्रॅक्टरच्या टायरात पाणी भरतात तर तिने माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

यानंतर मी जरा शहाण्यासारखं, म्हणजे आकार सोडून बाकीच्या गोष्टी बघायला लागलो, आणि तिथे तर अजूनच गोंधळ. टायर तीन जातीचे. लॉनचे गुळगुळीत, ते गवताला जपतात पण चिखलात घसरगुंडी. शेतीचे, त्यांचा पराक्रम वर सांगितलाच. आणि मधले इंडस्ट्रियल म्हणतात ते, जे दोन्ही ठिकाणी थोडे थोडे वाईट असतात, आणि माझ्यासारख्या दोन्ही ठिकाणी जाणाऱ्याने तेच घ्यावेत. गिअरचं तसंच. काका म्हणाले गिअरचा घे, हायड्रोस्टॅटिक म्हणजे आळशी माणसाचा ट्रॅक्टर. मी मनात चाळीस झाडं मोजली, प्रत्येक झाडापाशी पुढे-मागे, क्लच, गिअर, परत क्लच, आणि माझ्या डाव्या गुडघ्याने आळशी माणसाच्या बाजूने मत दिलं. हायड्रोमध्ये पायाने पेडल दाबलं की पुढे, दुसरं दाबलं की मागे, बस. थोडे घोडे जास्त खातो तो, पण खाऊ दे.

उताराबद्दल मात्र विनोद सुचत नाही. चाकांमधलं अंतर रुंद ठेवायचं, उतारावर आडवं न जाता वर-खाली जायचं, रोल बार उभा आणि सीटचा पट्टा लावलेला. रोल बार खाली दुमडला असेल तर पट्टा लावायचा नाही, कारण उलटलाच तर पट्ट्याने आपल्याला त्याच्याखाली बांधून ठेवलेलं असतं. आणि पीटीओ मिनिटाला 540 फेरे घेतो, सेकंदाला नऊ, सैल शर्ट घालून त्याच्या जवळसुद्धा फिरकायचं नाही. उतारावरचा एक कोपरा तर मी सरळ सोडूनच दिला. तिथे गवत वाढू दे, सापांनी पण कुठे जायचं.

शेवटी कागद घेऊन बसलो. चार फुटी स्लॅशर घ्यावा तर पंचवीसवाला पुरतो, पण मग स्लॅशर चाकांपेक्षा अरुंद, म्हणजे ज्या गवतावरून चाक गेलं ते आडवं होणार, न कापता, आणि दुसऱ्या दिवशी परत उभं राहून हसणार. पाच फुटी घ्यावा तर बत्तीसच्या आसपास पाहिजे, पीटीओवर सव्वीसेक येतात. पाच फुटी मशीन ताशी पाच किलोमीटरने चालवलं तर वळणं-बिळणं, पट्टे एकमेकांवर चढवणं सगळं धरून तासाला दीड एकर. सगळं मिळून दोन-अडीच तासांत काम संपतं! ट्रॅक्टरचं वजन बाराशे किलो, लॉनवर सऱ्या न पडण्याइतकं हलकं (कोरडं असताना), मुरूम उचलताना मी हवेत न जाण्याइतकं जड (मागे वजन लावून). पन्नास नाही, वीस नाही. मला स्वतःचंच कौतुक वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी मापाची गोष्ट घेत होतो, कापूस न कोंबता.

बायको म्हणाली ऑर्डर द्यायच्या आधी टेप घेऊन चला. शेडचं दार मापलं, रोल बार दुमडला की ट्रॅक्टर आत जातो, टेचात. गेट मापलं, पाच फूट बरोबर. ट्रॅक्टर बाहेरून बाहेर चार फूट आठ इंच. दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच. "जमतंय," मी म्हणलं. ती परत म्हणाली, नीट मापलंत ना? नीट मापलंय गं, मी म्हणलं, आणि ऑर्डर दिली.

ट्रॅक्टर आला. गेटमधून असा सुळकन आत गेला की काकांनी पण मान डोलावली. मग मागून टेम्पोतून स्लॅशर आला. पाच फुटी.

तर पाच फूट ही त्याची कापायची रुंदी असते. ज्या पत्र्याच्या आत पातं फिरतं तो पत्रा, त्याच्या कडेच्या पट्ट्या, घसरायच्या पट्ट्या, हे सगळं धरून स्लॅशर निघाला पाच फूट चार इंच. त्या दिवशी तो आम्ही सहा जणांनी तिरका करून, शिव्या देत, आत नेला, आणि तेव्हापासून आत गेलेला तो आतच आहे. रस्त्याकडेचं गवत तसंच वाढतंय, गेटच्या बाहेर, बरोबर चार इंचांमुळे.

काल गवंड्याला बोलावलं, एका बाजूचा खांब पाडून मागे घ्यायचाय म्हणून. त्याने खांबाला एक चक्कर मारली, हाताने ठोकून बघितलं, मग शेडकडे मान वळवली आणि मला म्हणाला, "किती एचपीचा आहे?"

मी तोंड उघडायच्या आत बायकोने त्याच्या हातात टेप दिला.