दप्तर त्यांचं, पुरावा मात्र आपण द्यायचा

आमच्या नाशिकच्या भावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच वाद पेटलाय. सगळं ऑनलाइन झालं म्हणतात, मग आरटीओच्या कामाला अजून एजंट लागतो कशाला? निमित्त माझ्या मावसभावाचं. शालिमारच्या गर्दीत त्याचं पाकीट गेलं आणि पाकिटात लायसन होतं. लायसन 2006चं, पहिल्या नोकरीच्या वेळी दुसऱ्या जिल्ह्यात काढलेलं. पोलिसांत तक्रार दिली, सारथी या लायसनांच्या सरकारी पोर्टलवर नंबर टाकला, तर अशी नोंदच नाही. जुनी लायसनं संगणकावर चढवायची राहिली असतील तर ‘बॅकलॉग एन्ट्री’ करतात, पण ती ज्या कार्यालयानं लायसन दिलं तिथूनच व्हायला हवी. हा रजा टाकून तिकडे गेला, तर त्या वर्षाचं रजिस्टर सापडेना. “मूळ लायसन घेऊन या, लगेच एन्ट्री करून देतो,” असं त्याला सांगण्यात आलं. मूळ लायसन हातात असतं तर हा माणूस एसटीनं तिथवर गेला कशाला असता?

ग्रुपवरचा बहुमताचा सल्ला: डोकं लावू नकोस, लर्निंगपासून नवंच काढ. एजंटचाही तोच. सल्ला व्यवहारी आहे, पण त्यात एक गोम आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 6 प्रमाणे एक लायसन चालू असताना दुसरं बाळगता येत नाही. म्हणजे नवं काढायचं तर आधीचं कधी नव्हतंच असं भासवायचं. सरकारी दप्तरातलं पान हरवलं म्हणून खोटं बोलायची वेळ मात्र याच्यावर. शिवाय जवळपास वीस वर्षं विनातक्रार गाडी चालवलेला माणूस कागदोपत्री पुन्हा नवशिका.

दुसरा पर्याय गप्प बसून गाडी चालवत राहण्याचा. इंदिरानगरहून सातपूर एमआयडीसीत रोज जाणाऱ्याला तो परवडणारा नाही. विनालायसन गाडी चालवण्याचा दंड 2019च्या दुरुस्तीनंतर पाच हजार आहे, आणि उद्या अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न लायसनचाच विचारणार. त्यात मुदतीचं घड्याळ चालूच आहे. तेव्हाची लायसनं वीस वर्षांसाठी किंवा पन्नाशीपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवरची असत. मुदत संपून वर्ष उलटलं की नूतनीकरणाला पुन्हा ड्रायव्हिंग टेस्ट द्यावी लागते. रजिस्टर शोधण्यात वेळ कार्यालय घालवणार आणि टेस्ट हा देणार.

माझ्याकडून ग्रुपला एक ठरावीक वाक्य अपेक्षित होतं: “आमच्याकडे असं होत नाही.” मी इंग्लंडात रेडिंगला राहतो, त्यामुळे ते वाक्य माझ्या नावावर आधीच जमा असतं. अर्धं खरंही आहे. इथे लायसन हरवलं तर वेल्समधल्या स्वॉन्झीच्या डीव्हीएलएकडे, म्हणजे लायसन देणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे, घरबसल्या अर्ज करायचा, वीस पौंड भरायचे, कार्ड टपालानं येतं. पोलिसांची तक्रार लागत नाही, प्रतिज्ञापत्र लागत नाही. लायसन जवळ बाळगण्याची सक्तीही नाही. पोलिसांनी मागितलं तर सात दिवसांत ठाण्यात दाखवलं की झालं. (आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 139वा नियम मुळात पंधरा दिवस देत असे. द्वारका सर्कलला शिट्टी वाजल्यावर तो आठवून बघा.)

पण उरलेलं अर्धं ग्रुपवर कुणी विचारत नाही. इथेही नोंदी हरवतात. लायसनचं काम स्वॉन्झीत एकवटलं ते 1970च्या दशकात. त्याआधी ते स्थानिक कौन्सिलांकडे होतं. 1998 मध्ये फोटोकार्ड आलं. जुनं कागदी लायसन देऊन नवं कार्ड घेताना मोटारसायकलचा परवानाच कार्डावरून उडाल्याच्या तक्रारी इथले जुने बाइकवाले वर्षानुवर्षं करत आलेत. त्यांना मिळणारं उत्तर आपल्याला अनोळखी नाही: जुन्या लायसनची प्रत असेल तर दाखवा. प्रत कुठली असणार, जुनं लायसन तर कार्यालयातच जमा केलेलं!

म्हणून “तिकडे शिस्त, इकडे अनागोंदी” हा वाद मला पटत नाही. नोंद शाबूत असेल तर इंग्लंडमधलं काम लोण्यासारखं होतं. ती गेली की इथला गोरा म्हातारा आणि माझा मावसभाऊ एकाच रांगेत उभे असतात. फरक इतकाच की इथे ती वेळ थोड्यांवर येते. आपल्याकडे कामकाज कागदावरून संगणकावर गेलं तेव्हा जे मागे राहिले ते किती, याचा साधा हिशेबही लोकांपुढे आलेला नाही. 2021 मध्ये केंद्रानं डुप्लिकेट लायसनसह अठरा सेवा आधारच्या आधारे घरबसल्या केल्या, उत्तमच केलं. पण ज्याची नोंदच सारथीवर नाही, त्याला त्या अठरांचा उपयोग शून्य. दार उघडलं, पण यादीत नाव असलेल्यांनाच.

अधिकाऱ्यांची अडचण मी नाकारत नाही. नुसत्या तोंडी सांगण्यावरून एन्ट्री करायला लागले तर बोगस लायसनांचा पूर येईल, आणि सही करणारा कारकून उद्या चौकशीत अडकेल. पण त्यावर उपाय आहेत. विम्याच्या किंवा कंपनीच्या फाइलमधली जुनी झेरॉक्स, एखाद्या दंडाच्या पावतीवरचा लायसन नंबर, असा दुय्यम पुरावा आणि सोबत प्रतिज्ञापत्र. तेवढ्यावर ठरावीक मुदतीत एन्ट्री द्यायची, आणि पुढे खोटं निघालं तर फौजदारी लावायची. प्रतिज्ञापत्र खोटं असेल तर शिक्षा आहेच की. राज्याचा 2015चा लोकसेवा हक्क कायदा मुदत आणि अपील दोन्ही देतो. त्यात ‘दप्तर गहाळ असल्यास’ असं एक कलम घालायला काय हरकत आहे?

कारण जबाबदारी कुणाची हे कायद्यानं कधीच सांगून ठेवलंय. लायसनांचं राज्य रजिस्टर राज्य सरकारनं ठेवायचं, असं 1988च्या कायद्याच्या कलम 26 मध्ये होतं. 2019 नंतर त्याची जागा राष्ट्रीय रजिस्टरनं घेतली. 2006 मध्ये जुनंच कलम लागू होतं. लायसनधारकानं रजिस्टरची झेरॉक्स जपून ठेवावी, असं त्यात कुठेही नव्हतं.

ग्रुपवर एका आतेभावानं टोला हाणलाच, “तुला काय, तिथे बसून कलमं सुचतात, रांगेत आम्ही उभे राहतो.” बरोबर आहे. म्हणून भाषण थांबवून मी माहिती अधिकाराच्या अर्जाचा मसुदा पाठवला. त्यात मागणी दोनच गोष्टींची: 2006च्या त्या रजिस्टरमधल्या संबंधित पानाची प्रत, आणि रजिस्टर गहाळ असेल तर ते कधी गहाळ झालं आणि त्याबद्दल काय कारवाई झाली याची कागदपत्रं. ‘सापडत नाही’ हे कारण माहिती नाकारण्याच्या कलम 8 मधल्या यादीत नाही. आणि 2005च्या महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख कायद्यात दप्तर परस्पर नष्ट करण्याला कैदेची तरतूद आहे, ही ओळही मुद्दाम घातली. मावसभावाला ती जरा कडक वाटली, साहेब चिडतील म्हणाला. राहू दे म्हटलं. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज गेलाय, तीस दिवसांत उत्तर यायला हवं. तोवर तो सातपूरला सिटी बसनं जातोय.