आग्यावेताळाच्या वहाणा

गेल्या आठवड्यात घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुन्हा गोव्याच्या राजभाषेचा वाद पेटला. कोकणीबरोबर मराठीलाही तो दर्जा हवा, असं आमचे मामा तावातावाने लिहीत होते. आयुष्यभर डिचोलीत मराठी शिकवलेला माणूस. त्यावर माझ्या धाकट्या मावसभावाने एवढंच लिहिलं, ‘मामा म्हणजे आग्यावेताळ, नादाला लागू नका.’ मामा गप्प झाले. इथे लिस्बनमध्ये तो शब्द मला दिवसभर टोचत राहिला.

आग्या म्हणजे आगीचा. संस्कृतात अग्नि, प्राकृतात अग्गि, मराठीत आग. आग्यामोहोळ त्याच कुळातलं. वेताळ हा भुतांचा राजा. जाळ ओकणारा वेताळ तो आग्यावेताळ, आणि त्यावरून ठिणगी पडताच भडकणारा माणूस. तापट म्हटलं की नुसता स्वभाव कळतो, शीघ्रकोपी पोथीतला वाटतो. जमदग्नी तर आपल्या घरचाच. ज्याने समुद्र हटवून गोव्याची भूमी काढली असं आपण मानतो, त्या परशुरामाचा बाप.

पण गोव्यात वेताळ नुसतं भूत नाही. आमोण्यात, लोलयेत तो देव आहे. रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून त्याच्या वहाणा झिजतात आणि भाविक त्याला नव्या वाहतात. आपण शब्दातली आग तेवढी ठेवली, राखणदार विसरलो. मामांना भाषेची राखण करायची आहे, आणि ते चिडतात ते त्यापायीच.

पोर्तुगीजमध्ये अशा माणसाला ‘थोड्या पाण्यात उकळणारा’ म्हणतात. आमच्या इमारतीच्या सभेत लिफ्टच्या खर्चावरून दोन शेजारी असेच उकळले. पण इतिवृत्तात दोघांचं म्हणणं लिहिलं गेलं, मतदान झालं, सह्या झाल्या. ‘तो तसाच आहे’ म्हणून कुणाचा मुद्दा बाजूला सारला नाही. परदेशातलं सगळंच मला आवडतं असं नाही, संध्याकाळी दार वाजवून ‘जेवला काय रे?’ विचारणारं इथे कुणी नाही. पण ही एक रीत मला घरी हवी आहे.

मावसभावाची भीती मला कळते. डिसेंबर 1986 मध्ये याच भाषावादात गोव्यात माणसं मेली. तो राग परत नको, हे त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं. पण त्यासाठी म्हाताऱ्या माणसाला भूत ठरवायची गरज नव्हती. त्यात मामा रागावतात कोकणीतून आणि पत्रं लिहितात मराठीतून. आमच्यातल्या कितीतरी घरांत हेच आहे, बोलणं कोकणी, भजन-कीर्तन आणि वर्तमानपत्र मराठी. म्हणून हा वाद दोन घरांमधला नाही, एकाच घरातला आहे, आणि मला तो जास्त लागतो.

मामांचा प्रश्न तर साधा आहे. 1987 च्या कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामात मराठी वापरायला मुभा मिळाली. मग मराठीला राजभाषा म्हणायला काय हरकत? ग्रुपवर याचं उत्तर अजून आलेलं नाही. हरकत आहे असं मावसभावाला वाटत असेल तर त्याने तसं लिहावं, कारणासकट. मामा चिडतील. चिडू देत.