लिनक्सवर जपानी टाईप होत नाही? होतं, आणि मराठी-कन्नडच्या शेजारी बसून होतं

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या जपानी शिकणाऱ्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांमधून एक मेसेज सारखा फिरतोय. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम असेल तर जपानी टायपिंग विसरा. त्यासाठी जपानी कीबोर्ड विकत घ्यावा लागतो. गूगलचं जपानी इनपुट लिनक्सला मिळत नाही. सगळा कॉम्प्युटर जपानी भाषेत करावा लागतो. मराठी-कन्नड घातलेल्या मशीनवर जपानी टाकलं की आधीचं बिघडतं. नेट गेलं की सगळं बंद. कमांड पाठ असणाऱ्यांचंच हे काम. तेव्हा विंडोज टाकून घ्या, नाहीतर एखाद्या वेबसाइटवर टाईप करून कॉपी-पेस्ट करा.

यातली एक गोष्ट अर्धी खरी आहे आणि एकीमागे खरोखरची अडचण आहे. बाकीचं चूक आहे, आणि त्या चुकीची किंमत नेमकी ज्यांना परवडत नाही त्यांनाच मोजावी लागते. जपानने एप्रिल २०१९ पासून विशिष्ट कौशल्याच्या कामगारांसाठी वेगळा व्हिसा सुरू केला, जानेवारी २०२१ मध्ये भारताशी त्याबद्दल करार झाला, आणि नर्सिंग किंवा इंजिनिअरिंग करणाऱ्या मुलामुलींना जपानीचा रस्ता दिसू लागला. दुसरीकडे १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. घरातला जुना लॅपटॉप विंडोज ११ घेत नाही, म्हणून कुणीतरी त्यावर उबुंटू किंवा मिंट हे लिनक्सचे प्रकार घालून देतं. असा लॅपटॉप वापरणारी मुलगी हा मेसेज वाचते आणि दुकानात जाऊन चोरीचं विंडोज टाकून घेते, किंवा वडिलांकडे नव्या मशीनचा विषय काढते. दोन्हींची काही गरज नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा कीबोर्डचा. जपानी कीबोर्ड वेगळा असतो हे खरं, त्यावर 'काना' या जपानी लिपीची अक्षरं छापलेली असतात आणि रूपांतराची दोन-तीन जादा बटणं असतात. पण खुद्द जपानमध्येही बहुतेक लोक रोमन अक्षरांनीच टाईप करतात. बटणावर काय छापलंय त्याकडे ते बघतही नाहीत. तुमच्या लॅपटॉपचा साधा इंग्रजी कीबोर्ड पुरेसा आहे.

मग हा समज आला कुठून? मला वाटतं एका चुकीच्या क्लिकमधून. सेटिंग्जमध्ये कीबोर्ड उघडून इनपुट सोर्समध्ये अधिकचं चिन्ह दाबलं, जपानी निवडलं, की दोन वेगळ्या गोष्टी दिसतात: एक नुसती 'जपानी', दुसरी 'जपानी' आणि पुढे कंसात 'मोझ्क' (हा जपानी टायपिंगचा प्रोग्रॅम, त्याबद्दल पुढे येतंच). पहिलीवर क्लिक केलं तर तुम्ही कॉम्प्युटरला एवढंच सांगता की समोरचा कीबोर्ड जपानी बनावटीचा आहे. त्याने जपानी अक्षर एकही उमटत नाही, उलट चिन्हं जागा सोडतात. शिफ्ट धरून २ दाबलं की ॲट-चिन्हाऐवजी दुहेरी अवतरण येतं, आणि ॲट-चिन्ह पीच्या उजवीकडच्या चौकटी कंसाच्या बटणावर जाऊन बसतं. ईमेल आयडी लिहिताना हे होतं, माणूस घाबरतो, आणि 'जपानी कीबोर्डच पाहिजे की ओ याला' असा निष्कर्ष निघतो. ती नोंद काढून मोझ्कची नोंद घाला, चिन्हं जागेवर येतात.

हे का, ते एकदा समजून घ्यावं. मराठीच्या इनस्क्रिप्ट या कीबोर्ड-मांडणीत किंवा कन्नडच्या मांडणीत बटण दाबलं की ठरलेलं अक्षर येतं. जपानीचं तसं नाही. तिथे रोज वापरायच्या कांजींची, म्हणजे चिनीतून आलेल्या चिन्हांची, सरकारी यादीच २१३६ चिन्हांची आहे, २०१० सालची. एवढी बटणं कुठल्याच कीबोर्डवर मावणार नाहीत. म्हणून रोमन अक्षरांतून आधी हिरागाना, म्हणजे उच्चाराप्रमाणे लिहायची जपानी लिपी, तयार होतो, स्पेसबार दाबला की त्या उच्चाराचे कांजी पर्याय समोर येतात, एंटर दाबलं की निवडलेला पर्याय कायम होतो. हे काम कीबोर्डचं नाहीच, रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमचं आहे. लिनक्सवर तो प्रोग्रॅम म्हणजे मोझ्क.

इथेच दुसरा मुद्दा येतो, तो अर्धा खरा आहे. गूगलने डिसेंबर २००९ मध्ये 'गूगल जपानी इनपुट' आणलं ते विंडोज आणि मॅकसाठी. त्या नावाने लिनक्सला काही मिळत नाही. पण २०१० मध्ये गूगलनेच त्याचा सोर्स कोड मोझ्क या नावाने खुला केला. रूपांतराचं यंत्र तेच, फरक शब्दकोशाचा. गूगलचा स्वतःचा शब्दकोश इंटरनेटवरून जमवलेला, नव्या सिनेमांची आणि कलाकारांची नावंही ओळखणारा. तो मोझ्कबरोबर येत नाही. जपानी भाषेच्या परीक्षेतल्या एन५ पासून एन२ पातळीपर्यंतच्या अभ्यासाला त्याने काही अडत नाही. अडलं तर मोझ्कमध्ये स्वतःचा शब्दकोश भरायची सोय आहे: आपलं नाव, कॉलेजचं नाव, गावाचं नाव एकदा घालून ठेवायचं.

गावाच्या नावावरून एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण 'मोझ्क बिघडलंय' अशी तक्रार पुष्कळदा इथूनच येते. मुलं पहिल्यांदा हौसेने 'बेळगावी' लिहून बघतात. बी-ई-एल-ए-जी-ए-व्ही-आय असं टाईप केलं की मधेच एक चिमुकला 'आ' येऊन पडतो आणि सगळं विचित्र दिसतं. बिघाड काही नाही. जपानीत ल आणि र वेगळे नाहीत, दोन्हींसाठी र लिहायचा. आणि मोझ्कमध्ये एल हे बटण लहान आकाराची अक्षरं काढण्यासाठी राखलेलं आहे. एलच्या जागी आर दाबा, शेवटी एफ७ दाबा, अख्खं नाव काताकानात, म्हणजे परकी नावं लिहायच्या जपानी लिपीत, उभं राहतं. एफ६ दाबलं तर परत हिरागाना. अनुस्वारासारख्या 'न'ला एन दोनदा दाबायची सवय लावून घ्या. नाहीतर 'किन्एन' म्हणजे धूम्रपानबंदी लिहायला जाल आणि 'किनेन' म्हणजे स्मरण होऊन बसेल.

तिसरं, सगळा कॉम्प्युटर जपानी करावा लागतो हे. अजिबात नाही. मेनू इंग्रजी असोत, मराठी असोत, तसेच राहतात. उबुंटूमध्ये लँग्वेज सपोर्टमधून जपानी भाषा 'इन्स्टॉल' केली तरी ती फक्त उपलब्ध होते; यादीत ओढून वर नेली तरच मेनू बदलतात. फॉन्ट मात्र हवा. नोटोच्या सीजेकेसारखा (चिनी-जपानी-कोरियन अक्षरांचा) फॉन्ट नसेल तर अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात, आणि चिनी फॉन्ट तेवढा असेल तर काही कांजी चिनी वळणाच्या दिसतात. परीक्षेसाठी अक्षराचं वळण घोटणाऱ्याने याकडे लक्ष द्यावंच. लिबरऑफिस वापरत असाल तर भाषेच्या सेटिंगमध्ये आशियाई भाषांची खूण करून घ्या. लिबरऑफिस एकाच मजकुरासाठी तीन वेगळे फॉन्ट सांभाळतं: एक इंग्रजीसाठी, एक जपानी-चिनीसाठी, एक मराठी-कन्नडसारख्या लिप्यांसाठी. जपानीचा फॉन्ट बदलला म्हणून त्याच पानावरच्या मराठीला धक्का लागत नाही.

आता चौथा मुद्दा, मराठी-कन्नड बिघडतं हा. आपल्याकडे हा सगळ्यात जास्त पटतो, कारण इथल्या मशीनवर तीन लिप्या आधीच असतात. कॉलेजचा अर्ज कन्नडमध्ये, घरचा मजकूर मराठीत, अभ्यास इंग्रजीत. चौथी घातली तर गाडं कोलमडेल असं वाटणं साहजिक आहे. पण या सगळ्यांना सांभाळणारी व्यवस्था एकच आहे. उबुंटूत तिचं नाव आयबस, इतर काही ठिकाणी एफसीआयटीएक्स. ती मुळात एकमेकींपासून वेगळ्या पद्धती एका यादीत ठेवण्यासाठीच बनवली आहे. सुपर बटण (विंडोजचं चिन्ह असलेलं) धरून स्पेस दाबा, यादी पुढे सरकते. लिनक्समध्ये मराठीची एक मांडणी तर 'कगप' नावाची आहे, म्हणजे कन्नड गणक परिषदेची. कन्नडसाठी रूढ झालेल्या मांडणीवर मराठी अक्षरं बसवलेली. ज्याचा हात कन्नडवर बसलाय त्याला मराठी वेगळं शिकावं लागत नाही. ज्या व्यवस्थेत हे दोन शेजारी इतके सुखाने नांदतात तिथे तिसऱ्याला जागा नाही, असं म्हणणं मला पटत नाही.

तरी या मुद्द्यामागे एक खरी अडचण आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. आयबसमध्ये मोझ्कची मांडणी 'डिफॉल्ट' अशी नोंदलेली असते. काही मशीनवर त्याचा अर्थ असा होतो की आधी जी मांडणी चालू होती तीच मोझ्कखाली राहते. इंग्रजीवरून मोझ्कवर गेलात तर रोमन अक्षरं मिळतात आणि सगळं सुरळीत. पण इनस्क्रिप्ट मराठीवरून किंवा कन्नडवरून थेट मोझ्कवर उडी मारलीत तर मोझ्कला रोमन अक्षरांऐवजी देवनागरी किंवा कन्नड अक्षरं पोचतात, आणि त्यांचं तो काय करणार? पडद्यावर मराठीच उमटत राहतं. बघणाऱ्याला वाटतं, दोघांचं भांडण लागलं.

उपाय सोपा आहे. यादीत इंग्रजी आणि मोझ्क एकमेकांना लागून ठेवा: मराठी, कन्नड, इंग्रजी, मग मोझ्क. आणि जपानीवर जाताना आधी इंग्रजीवर थांबा, मग मोझ्कवर जा. कायमचा बंदोबस्त हवा असेल तर होम फोल्डरमध्ये लपवलेल्या कॉन्फिग फोल्डरात मोझ्कचा फोल्डर आहे, त्यातल्या आयबसच्या फाईलमध्ये लेआउटसमोर 'डिफॉल्ट' लिहिलंय तिथे यू-एस ही दोन छोटी अक्षरं लिहा आणि टर्मिनलमध्ये (कमांड लिहायच्या खिडकीत) आयबसची राइट-कॅश आणि रीस्टार्ट या दोन आज्ञा लागोपाठ द्या. मराठीसाठी एम१७एन या इनपुट पद्धतींच्या संचातली, रोमन अक्षरांनी लिहायची पद्धत वापरणाऱ्यांना ही अडचण सहसा येत नाही, कारण त्यांचा कीबोर्ड खाली रोमनच असतो. एफसीआयटीएक्सच्या पाचव्या आवृत्तीत तर प्रत्येक पद्धतीला तिची मांडणी वेगळी नेमून देता येते.

नेटचा मुद्दा एका ओळीत संपतो. पॅकेज उतरवताना एकदाच नेट लागतं. नंतर शब्दकोश, रूपांतर, तुमच्या निवडींची आठवण, सगळं तुमच्याच डिस्कवर असतं. लाईट गेली आणि वायफाय बंद पडलं तरी बॅटरी आहे तोवर जपानी लिहिता येतं. वेबसाइटवर टाईप करून कॉपी-पेस्ट करण्याच्या सल्ल्यालाही हेच उत्तर आहे. एखादं वाक्य तसं लिहायला हरकत नाही. पण नोकरीसाठीचा बायोडाटा, पत्ता, पासपोर्टवरचं नाव कुणा अनोळखी वेबसाइटच्या चौकटीत कशाला घालायचं?

राहिलं कमांडचं. मिंटमध्ये 'इनपुट मेथड' नावाची खिडकीच आहे. डावीकडे जपानी निवडा, ती काय इन्स्टॉल करायचं ते सांगते आणि बटण देते. उबुंटूमध्ये लँग्वेज सपोर्टमधून जपानी घेतली की मोझ्कही येतं. टर्मिनलच आवडत असेल तर पॅकेजचं नाव आय-बी-यू-एस, आडवी रेघ, एम-ओ-झेड-सी. कुठल्याही वाटेने जा, नंतर लॉगआउट करून परत लॉगिन कराच. ही पायरी गाळल्यामुळे यादीत मोझ्क दिसत नाही आणि लोक पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करत बसतात.

मोझ्क दिसतं, निवडलं, तरी इंग्रजीच उमटतं, असं झालं तर घाबरू नका. ते सुरू होतं तेच इंग्रजी अवस्थेत. वरच्या पट्टीत त्याच्या चिन्हावर क्लिक करून इनपुट मोडमध्ये हिरागाना निवडा. दर वेळी हे करायचा कंटाळा आला तर मघाच्याच फाईलमध्ये 'ॲक्टिव्ह ऑन लाँच'समोर फॉल्स लिहिलेलं असतं, तिथे ट्रू लिहा.

काही ठिकाणी अजून घोळ होतो, तोही सांगतो. स्नॅप किंवा फ्लॅटपॅक या वेगळ्या बांधणीच्या पॅकेजमधून घातलेल्या काही ॲपमध्ये पर्यायांची यादी उमटत नाही किंवा भलतीकडेच उघडते; तेच ॲप नेहमीच्या पॅकेजमधून घातलं की बहुधा सुटतं. केडीई हा डेस्कटॉप वेलँडवर (पडदा रंगवणाऱ्या नव्या व्यवस्थेवर) चालत असेल आणि एफसीआयटीएक्स घेतलं असेल, तर सिस्टिम सेटिंग्जमध्ये व्हर्च्युअल कीबोर्ड नावाच्या पानावर जाऊन तिथे एफसीआयटीएक्स निवडावं लागतं. नाव व्हर्च्युअल कीबोर्ड असल्यामुळे तिकडे कुणी फिरकत नाही, पण किल्ली तिथेच आहे.